आमची वाटचाल : वागळे इस्टेट ते बेलापूर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील भाड्याच्या गाळ्यात आम्ही कारखान्यांना नेटवर्क टाकून देण्याची कामे करत होतो. नवी मुंबईत जहाजावरील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्था बऱ्याच असल्यामुळे सिम्युलेटरची कामेही येऊ लागली, आणि केबल ओढण्यावर न थांबता आरटीआय (रन-टाइम इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे सिम्युलेटरना एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करू देणारे सॉफ्टवेअर) बसवून फेडरेशन, म्हणजे असा जोडलेल्या सिम्युलेटरचा संच, चालू करून देण्यापर्यंतची जबाबदारी आम्ही अंगावर घेतली. पुढे बेलापूरला कार्यालय झाले, माणसे वाढली. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते एका कामाबद्दल, कारण त्यावरून बाजारात आजही आमच्या नावाने नको ते बोलले जाते.

ते काम एका प्रशिक्षण संस्थेतले. तिथे दोन ब्रिज (जहाज जिथून चालवतात त्या कक्षाचे सिम्युलेटर), एक इंजिन रूम आणि प्रशिक्षकाची खोली एकत्र चालवायची होती. मानक ठरले एचएलए (वेगवेगळे सिम्युलेटर जोडण्याचे मानक), म्हणजे आयईईई १५१६ ची २०१० ची आवृत्ती. प्रत्येक यंत्रावर आम्ही पोर्टिको हे मुक्त स्रोत आरटीआय बसवले, जावाची आवृत्ती सगळीकडे एकच ठेवली, एफओएमची (कोणती माहिती कोणत्या रूपात पाठवायची याच्या आराखड्याची) फाईल ताडून पाहिली आणि दोन नेटवर्क कार्डे असलेल्या यंत्रांना सिम्युलेशनचे कार्ड नेमून दिले. चाचणी उत्तम झाली, संस्थेची सही मिळाली.

पुढे इमारतीतील नेटवर्कचे स्विच बदलण्याचे काम ज्यांना मिळाले, ते आमच्याच निविदेत मागे पडलेले स्पर्धक होते. नवे महागडे स्विच बसले आणि पहिल्या ब्रिजवर सुकाणू फिरवले तरी दुसऱ्या ब्रिजच्या पडद्यावर तेच जहाज सरळ चालत राहू लागले. नवी माहिती पोहोचली नाही की डेड रेकनिंग शेवटचा वेग आणि दिशा धरून जहाज पुढे ढकलत राहते, हे जाणकारांना सांगायला नको. फेडरेशन पुन्हा चालू केले की थोडा वेळ सारे ठीक चाले. भर बैठकीत स्पर्धक म्हणाले, ‘फुकटचे सॉफ्टवेअर घेतल्यावर दुसरे काय होणार?’ आमचे बिल अडकले, बातमी फिरल्याने हातातली इतर कामेही थांबली आणि पगार ठेव मोडून करावे लागले.

त्या दिवसांत आमच्या पाठीशी राहिले ते संस्थेतील एक निवृत्त कॅप्टनसाहेब. आमच्याकडचा मुलगा वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी पॅकेट दाखवणारे सॉफ्टवेअर) लावून बसलेला असताना ते शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसत आणि जहाज कधी भरकटते याची नोंद वहीत करत. प्रत्येक नोंद चार मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास होती, म्हणजे २६० सेकंद, आणि तिथेच उलगडा झाला. नव्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे गटाचे सदस्य असलेल्या यंत्रांकडेच गटाची माहिती सोडण्याची सोय, चालू होते, पण सदस्यांची विचारपूस करणारा क्वेरिअर कुठेच नव्हता. १२५ सेकंदांच्या विचारपुशीचे दोन फेरे आणि उत्तराचे १० सेकंद काहीच न येता उलटले की स्विच त्या यंत्राचे नाव गटातून काढून टाकतो आणि मल्टिकास्ट (एकाच वेळी गटातील सगळ्यांना पाठवलेली माहिती) बंद करतो. पाठवणाऱ्या पोर्टवर पॅकेट जाताना दिसत होती, पलीकडे शुकशुकाट होता. साधा स्वस्त स्विच असता तर मल्टिकास्ट सगळ्या पोर्टवर पसरले असते आणि हा प्रश्नच उद्भवला नसता. क्वेरिअर चालू केला आणि फेडरेशन दिवसभर चालले.

बिल निघाले, पण उशिरा. कॅप्टनसाहेब पुढे दुसऱ्या संस्थेत गेले तेव्हा त्यांनी तिथले काम आम्हालाच दिले. स्पर्धकांनी मात्र आपले बोलणे कधी मागे घेतले नाही. बैठकीत भेटतात, हसतात, चहा घेतात.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी विचारलेले नसले तरी सांगतो. पाच मिनिटांच्या चाचणीवर सही घेऊ नका, फेडरेशन चालू ठेवून जेवायला जा आणि परत येऊन पाहा. सिम्युलेशनचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा. स्विचमध्ये बदल करण्याआधी तुम्हाला लेखी कळवले जाईल, हे कलम करारात घालून घ्या आणि स्विचचा पासवर्ड कोणाकडे राहील तेही त्यातच लिहा.