रेघ खांद्यातून येते

चित्रकाराला दमसास लागतो. गायकाला लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, चित्रकाराच्या बाबतीत मात्र लोक फक्त ‘हातात कला आहे’ एवढंच म्हणतात. तो दमसास कमवावा लागतो, आणि मी तो आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात कमवायला लागलो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असं सांगितलं गेलं, तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी आपले चित्रकलेचे सर जूनमध्येच सुरू करायचे. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन हे सगळं व्हायचं, पण त्यांचा जीव वस्तुचित्रात. टेबलावर एक पितळी तांब्या असायचा आणि आठवडेच्या आठवडे तोच असायचा. आम्ही कुरकुरलो की म्हणायचे, “तांब्या कालचाच आहे रे, पण उजेड कालचा आहे का?” मग बघायला लागायचं. ढगाळ दिवशी पितळ हिरवट दिसतं, ऊन आलं की कडेला पांढरा ठिपका चमकतो आणि पोटात खिडकी वाकडी उमटते. एकाच वस्तूकडे कंटाळा ओलांडून बघत राहता येतं, हे त्या वर्गात अंगवळणी पडलं.

सर उभं राहून चित्र काढायला लावायचे. बोर्ड उभा, हात लांब, रेघ खांद्यातून. नुसत्या मनगटावर काम केलं की बोटं लवकर आखडतात आणि चित्रही आखडतं. सुरुवातीला खांदे भरून यायचे. पुढे जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मॉडेलसमोर लांबलचक सिटिंग व्हायची, तेव्हा या सवयीची किंमत कळली. मॉडेलला विश्रांती मिळाली की मीही मागे जायचो आणि डोळे बारीक करून लांबून चित्र बघायचो. हे मागे जाणंसुद्धा सरांचंच.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. परळच्या पावसात जलरंगाचा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळता वाळत नाही. हवाच ओली, कागद पाणी सोडणार कुठे? घाईने दुसरा रंग लावला की पहिला फुटतो आणि चिखल होतो. सर दोन कागद शेजारी शेजारी लावायला सांगायचे. एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम, आणि दोन्ही ओले असतील तर रफ वहीत स्केच. थांबायचं, पण हात रिकामा ठेवायचा नाही. आजही जुलैमध्ये माझ्या कामाच्या खोलीत दोन बोर्ड असतात.

गणपतीच्या आधी ते आम्हाला लालबागच्या एका कारखान्यात न्यायचे. मूर्तींची गर्दी, रंगाचा वास, आणि एक कारागीर करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून डोळ्यांची आखणी करत असायचा. रेघ ओढताना त्याचा श्वास थांबायचा, ब्रश उचलला की सुटायचा. एक मूर्ती झाली की पुढची, आणि शेवटच्या डोळ्यालाही पहिल्याइतकंच लक्ष. सर तिथे काहीच समजावून सांगायचे नाहीत. मला वाटतं, चित्रकलेतल्या शिस्तीचा याहून चांगला धडा मी नंतरही कुठे पाहिला नाही.

शिस्त म्हणजे भरपूर चित्रं काढणं, असंही नव्हे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे जे.जे.चेच, वर्षाकाठी मोजकीच चित्रं रंगवायचे. कॅनव्हाससमोर नुसतं बसून विचार करण्यात त्यांचा वेळ जायचा, आणि तेही कामच होतं. माझा पिंड तसा नाही, मला रोज ब्रश हातात लागतो. पण दोघांनाही एक टप्पा चुकत नाही: सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, शेवट दिसत नसतो आणि चित्र कुरूप दिसत असतं. तिथे टिकून राहण्याची ताकद लागते. मी रात्री काम थांबवताना एखादा सोपा कोपरा मुद्दाम शिल्लक ठेवतो, म्हणजे सकाळी हात लगेच चालू होतो.

शाळेला एक विनंती. चित्रकलेचे दोन तास जोडून ठेवा. पाणी भरून, कागद लावून, वस्तू मांडून होईपर्यंत एक तास संपतो आणि मुलं बघायला लागतात तेव्हा घंटा होते. शनिवारी मुलांना क्रॉफर्ड मार्केटला स्केचिंगला न्यायचं ठरलं, तर मी बरोबर यायला तयार आहे. वह्या आणि पेन्सिली मी आणीन.