‘लेटेस्ट रिपोर्ट पाठवा’: आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला तेव्हा त्यात ट्रस्ट पोर्टल (ग्राहकांना आपल्या सुरक्षेचे कागद बघायला मिळतात ती साइट) वगैरे काही नव्हतं. मी, माझी पार्टनर आणि एक डेव्हलपर असे तिघे मिळून कंपन्यांना शिफ्टचं वेळापत्रक लावायचं सॉफ्टवेअर विकत होतो. छोटे ग्राहक डेमो बघून हो म्हणायचे. पहिला मोठा ग्राहक हाताशी आला आणि त्यांच्या खरेदी विभागाकडून एक एक्सेल शीट येऊन पडली. सात टॅब. एनक्रिप्शन कुठलं, बॅकअप किती वेळाने, नोकरी सोडलेल्या माणसाचा ॲक्सेस किती तासांत काढता, ऑफिसच्या दाराला कुलूप कसलं. शेवटच्या प्रश्नाला आम्ही हसलो, कारण तिघेही घरूनच काम करत होतो.

पुढच्या ग्राहकाची शीट वेगळी, प्रश्न तेच. मग जुन्या शीटमधली उत्तरं उचलून चिकटवायची सवय लागली, आणि तिनेच आम्हाला तोंडघशी पाडलं. एकाच उद्योगसमूहातल्या दोन कंपन्यांना आम्ही काही महिन्यांच्या अंतराने उत्तरं दिली होती. एकीत बॅकअप ‘रोज रात्री’, दुसरीत ‘दर सहा तासांनी’. दोन्ही उत्तरं त्या त्या दिवशी खरी होती. त्यांच्या माणसाने दोन्ही शीट शेजारी ठेवल्या आणि कॉलवर शांतपणे विचारलं, “यातलं कुठलं धरू?” ते काम गेलं नाही, पण लांबलं. तारीख नसलेलं उत्तर म्हणजे उधारीवरचा शब्द, हे त्या दिवशी कळलं.

यथावकाश सॉक २ झालं, म्हणजे बाहेरच्या ऑडिटरने आमची सुरक्षाव्यवस्था तपासून रिपोर्ट दिला. आधी टाइप १, म्हणजे अमुक एका तारखेला व्यवस्था नीट आखलेली आहे का, एवढंच. मग टाइप २, ज्यात काही महिन्यांच्या काळात ती व्यवस्था खरोखर चालली का, हे ऑडिटर नमुने काढून तपासतो. रिपोर्ट हातात आला तेव्हा इतका आनंद झाला की आमच्या सेल्सच्या मुलाने तो जो मागेल त्याला ईमेलने धाडायला सुरुवात केली. सॉक २ रिपोर्ट सगळ्यांसाठी नसतो. कुणी वापरायचा, हे त्यातच लिहिलेलं असतं. जाहीरपणे लावायला सॉक ३ असतो. आमचा अख्खा रिपोर्ट, सिस्टीमच्या वर्णनासकट, एनडीए (गोपनीयतेचा करार) न करता किती इनबॉक्समध्ये गेला हे आम्ही मोजायला बसलो आणि बावीसनंतर मोजणं सोडून दिलं.

पोर्टल उभं राहिलं ते या लाजेतून. उभारायला फार काही लागलं नाही. तयार टूल घेतलं, लोगो लावला, झालं. खरं काम होतं कुठला कागद कुठल्या दाराआड ठेवायचा, हे ठरवण्याचं. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं सर्टिफिकेट, धोरणांचे सारांश आणि सबप्रोसेसरची (आमच्या वतीने ग्राहकांचा डेटा हाताळणाऱ्या कंपन्यांची) यादी उघड्यावर. सॉक २ रिपोर्ट, पेन टेस्टचा (मुद्दाम हल्ला करवून घेतलेल्या चाचणीचा) सारांश आणि क्लाउड सिक्युरिटी अलायन्सची भरलेली सीएआयक्यू प्रश्नावली एनडीए स्वीकारल्यावर. पेन टेस्टचा पूर्ण रिपोर्ट आणि रिस्क रजिस्टर (आमच्या धोक्यांची यादी) कुणालाच नाही. या तिसऱ्या कप्प्यावरून ग्राहकांशी सर्वांत जास्त वाद होतात. आम्ही एवढंच सांगतो की आज तुमच्या हट्टाखातर दिला, तर उद्या दुसऱ्याच्या हट्टाखातरही द्यावा लागेल, आणि त्यात तुमच्या डेटापर्यंत पोचायच्या वाटा लिहिलेल्या असतात.

रिक्वेस्टची रांग मी अजून स्वतः बघतो. परवा सकाळी चार होत्या. एक आमच्या ग्राहकाच्याच माणसाची, पण वैयक्तिक ईमेलवरून. त्याला ऑफिसच्या पत्त्यावरून परत यायला सांगितलं. दुसरी एका सल्लागाराची. तो ग्राहकाच्या वतीने तपासणी करतो म्हणे. असेलही, पण एनडीए ग्राहकाशी होता, त्याच्याशी नव्हता. ग्राहकाकडून होकार येईपर्यंत थांबवली. तिसरी सरळ मंजूर. डाउनलोड होणाऱ्या प्रत्येक पानावर मागणाऱ्याचा ईमेल आणि तारीख वॉटरमार्क होऊन येते आणि लिंक तीस दिवसांत बंद पडते. चौथी आमच्या प्रतिस्पर्ध्याची होती. त्या माणसाच्या धाडसाचं कौतुक वाटलं.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल आलं, म्हणजे जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवायला वापरल्या जाणाऱ्या लॉग४जे या लायब्ररीतली मोठी त्रुटी. १० डिसेंबरच्या सुमारास बातमी सगळीकडे पसरली आणि ग्राहकांचा एकच सवाल, “तुम्हाला लागू आहे का?” आमचा कोड जावात नव्हता. मी घाईने पोर्टलवर लिहून टाकलं, ‘आमच्यावर परिणाम नाही.’ संध्याकाळी डेव्हलपरने सांगितलं की लॉग शोधायला आपण जे टूल चालवतो ते जावावरच आहे. त्यात लॉग४जे होतं. बाहेरून तिथे थेट पोचता येत नव्हतं, पण ‘परिणाम नाही’ हे वाक्य खोटं ठरलं होतं. पार्टनर म्हणाली, जुनं वाक्य काढू नकोस. त्याखाली वेळ टाकून दुरुस्ती लिही. तसं केलं. पुढे लॉग४जेची दुरुस्त केलेली २.१५.० आवृत्ती पुरेशी नाही असं निघालं, मग २.१६.०, मग २.१७.०, आणि दर वेळी खाली एक नवी ओळ वाढत गेली. त्या पानाखातर कुणी आम्हाला सोडून गेलं नाही. उलट एका ग्राहकाने विचारलं, हे पोर्टल चालवतं कोण, आमचंही चालवाल का?

धंद्याची दिशा तिथून बदलली. शिफ्टचं सॉफ्टवेअर पुढे एका मित्राच्या कंपनीला देऊन टाकलं, आणि आता इतरांची पोर्टलं सांभाळणं हेच आमचं काम आहे. काम काय, तर तारखांची राखण. रिपोर्टचा काळ सप्टेंबरअखेर संपला आणि पुढचा रिपोर्ट यायला वेळ असला, तर मधल्या महिन्यांत व्यवस्थेत मोठा बदल झालेला नाही असं सांगणारं ब्रिज लेटर लागतं. ते कंपनीचं व्यवस्थापन देतं, ऑडिटर नाही, हे निम्म्या लोकांना समजावून सांगावं लागतं. आयएसओचं सर्टिफिकेट तीन वर्षांचं असलं तरी मधे दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट असतं. ते चुकलं तर भिंतीवरचा कागद तसाच राहतो आणि त्यातला जीव जातो.

आयएसओ २७००१ च्या २०१३ च्या आवृत्तीवरून २०२२ च्या आवृत्तीवर जाताना एका ग्राहक कंपनीच्या बाबतीत आम्हीच घसरलो. नवं सर्टिफिकेट आलं, ते लावलं. त्यासोबतचं स्टेटमेंट ऑफ ॲप्लिकेबिलिटी, म्हणजे मानकातले कुठले कंट्रोल आपल्याला लागू आहेत याचा कागद, मात्र जुनंच राहिलं. मानकाच्या जुन्या ॲनेक्स ए (कंट्रोलच्या यादीच्या परिशिष्टा) मध्ये ११४ कंट्रोल होते, नव्यात ९३, आणि क्रमांकही बदललेले. वाचणाऱ्या एकाने लिहिलं, ‘तांत्रिक त्रुटींच्या व्यवस्थापनाला तुम्ही अजून ए.१२.६.१ म्हणता, ते आता ए.८.८ आहे. सर्टिफिकेट नक्की कशाचं आहे?’ तेव्हापासून कागद एकेकटा बदलत नाही. एक बदलला की त्याला टेकून असलेले सगळे उघडून बघायचे. आणि प्रत्येक कागदामागे कंपनीतलं एक माणूस नेमलेलं असतं. ‘सिक्युरिटी टीम’ असा मालक आम्ही लावून घेत नाही, कारण टीमला रिमाइंडर गेला की तो कुणालाच गेलेला नसतो.

काही कामं नाकारली. एका कंपनीला ऑडिट सुरू व्हायच्या आधीच ‘सॉक २ सर्टिफाइड’ असा बिल्ला हवा होता. मुळात सॉक २ हे सर्टिफिकेटच नाही, तो ऑडिटरचा अभिप्राय असतो; आणि इथे तर तोही नव्हता. दुसऱ्या एकाला रिपोर्टमधली अपवाद नोंदवलेली पानं गाळून पीडीएफ लावायची होती. पाच जणांचे ॲक्सेस वेळेवर काढले गेले नव्हते, एवढीच ती नोंद. रिपोर्टमध्ये व्यवस्थापनाच्या उत्तराला जागा असते, तिथे काय सुधारलं ते लिहा, असं सांगून पाहिलं. पटलं नाही. पुढे त्यांनी काय केलं ते मी बघायला गेलो नाही.

सबप्रोसेसरच्या यादीचं दुखणं अजून आहे. जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे सर्वसाधारण परवानगीवर काम चालत असेल, तर यादीतला बदल ग्राहकाला आधी कळवावा लागतो, म्हणजे त्याला हरकत घेता येते. पण इंजिनिअर दुपारी नवं टूल जोडतो, त्याला कुठे यादी आठवते! आम्ही आता खरेदीच्या फॉर्मलाच तो प्रश्न जोडायला लावतो. तरी निसटतंच.

मागच्या महिन्यात एका संशोधकाचा ईमेल आला, तोही आमच्या स्वतःच्या साइटबद्दल. साइटवरची त्रुटी कुठे कळवायची ते सांगणाऱ्या आमच्या सिक्युरिटी डॉट टीएक्सटी फाइलमधली ‘एक्स्पायर्स’ची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. आरएफसी ९११६ मध्ये, म्हणजे या फाइलच्या मानकात, ही ओळ बंधनकारक आहे, आणि ती भरायचा आग्रह आम्ही प्रत्येक ग्राहकाकडे धरतो. त्याने खाली विचारलं होतं, “हा पत्ता अजून चालू आहे ना?” चालू होता. तारीख बदलली, त्याचे आभार मानले. पार्टनरने कागदांच्या मालकांचं रजिस्टर उघडून बघितलं तर त्या फाइलपुढे मालकाचा रकाना रिकामा होता. तिने काही न बोलता तिथे माझं नाव टाइप केलं.