उपासाची चक्की

हिमोग्लोबिन 7. वय अकरा, उंची आठ वर्षांच्या पोरीएवढी. करवीर तालुक्यातल्या त्या गावात तीन वर्षं लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं. सिलिअ‍ॅक म्हणजे ‘उत्तरेकडचा आजार’, त्यामुळं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं लहान आतड्याचं केसाळ अस्तर झडलेलं, मग लोह शोषणार कुठून? शेवटी कोल्हापुरात टीटीजीची, म्हणजे ह्या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींत तेच निघालं.

मी आहारतज्ज्ञ. गहू, रवा, मैदा, जव बंद. जोंधळा, तांदूळ, नाचणी खुशाल. मिसळीबरोबरचा पाव विसरायचा. बाजारच्या हिंगातही अनेकदा गव्हाचं पीठ असतं, हे माझ्या छापील कागदावर ठळक अक्षरांत आहे. त्या कागदाचा मला अभिमान होता.

सहा महिन्यांनी टीटीजी जेमतेम उतरलेली. “चोरून खात असेल,” एक डॉक्टर म्हणाले. पेशंटवर ढकललं की सुटलं! आईच्या डोळ्यांत पाणी. “चपातीला शिवत न्हाई ओ पोरगी. भाकरीच खाती.”

“पीठ?”

“गिरणीतनं.”

रविवारी मी गावात गेले. गव्हाचं दळण संपलं की त्याच चक्कीत जोंधळा. पहिली मूठभर गव्हाचंच येतं, गिरणीवाले मामा हसत सांगत होते. किलोला 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असेल तर पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापता येत नाही; इथं मूठ! कोपऱ्यात मात्र दुसरी लहान चक्की, फडक्यानं झाकलेली. वरी, शाबू, राजगिरा. उपासाची. गव्हाचा कण लागू न देण्याची शिस्त गावाला आधीपासूनच ठाऊक होती, आणि मी ती शिकवायला निघाले होते.

“मामा, हिचा जोंधळा ह्यातच दळा की.”

“आन् गल्लीतल्या बायका मला सोडतील व्हय? जोंधळा उपासाला चालत न्हाई, मॅडम.”

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजीनं माळ्यावरचं जातं काढायला लावलं. मी विचारलं, “शेवटचं काय दळलं होतं, आजी?”

“मेतकूट.”

मेतकुटात गहू. दगडाच्या खाचांत किती वर्षांचं बसलंय कुणास ठाऊक. जातं धुऊन, छिन्नीनं टाकी लावून घेतलं. आता आजी पहाटे दळते.

पुढची टीटीजी दिवाळीनंतर. तोवर उरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर ‘जोंधळा’ शब्दापुढं मी पेनानं लिहीत बसलेय: दळला कुठं?