‘झाल्यातच जमा’ म्हणजे नक्की किती झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये नवीन आलेलं प्रत्येक जण पहिल्या-दुसऱ्या स्प्रिंटमध्ये (म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्यात) हेच विचारतं, की स्टोरीला, म्हणजे एका छोट्या कामाला, ते मान्य करायच्या अटी म्हणजे ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया असतात ना, मग काम ‘झालं’ कधी म्हणायचं याची डेफिनिशन ऑफ डन नावाची आणखी एक यादी कशाला?

मलाही आधी ते कागदी काम वाटायचं. मग ती पावतीची स्टोरी आली. ग्राहकाचं नाव घालून पीडीएफ पावती काढायची, बस एवढंच. डेव्हलपर स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, म्हणाला झालं, म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर चालत होतं. टेस्टर म्हणाली झालं, तिला बिल्ड (तपासायची आवृत्ती) गुरुवारी संध्याकाळी मिळालं आणि तिने इंग्रजी नावं टाकून बघितली. प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्याने, ऐकलं झालं आणि क्लायंटला सांगून टाकलं की सोमवारपासून वापरा. सोमवारी मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन छापून आले, कारण देवनागरी फाँट लॅपटॉपवर होता, सर्व्हरवर कोणी टाकलाच नव्हता. यात खोटं कोणीच बोललं नव्हतं हो, फक्त तिघांचं ‘झालं’ तीन वेगवेगळ्या गोष्टींचं होतं.

पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना हे पटकन कळेल. स्लॅब पडला, रंग लागला, बिल्डर म्हणतो झालं, पण ओसी, म्हणजे राहायला जायच्या परवानगीचा दाखला, कुठाय?

तर फरक असा, की ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया त्या एका स्टोरीचे असतात, पावतीवर नाव आणि रक्कम दिसली पाहिजे वगैरे. डेफिनिशन ऑफ डन सगळ्याच कामांना लागू. आमच्यात कोड दुसऱ्याने बघितलेला हवा, टेस्ट पास हव्यात, स्टेजिंगवर (खऱ्यासारख्या चाचणी सर्व्हरवर) चढवून तिथे तपासलेलं हवं, आणि त्या सोमवारनंतर वाढलेली ओळ म्हणजे मराठी डेटा टाकून बघितलेलं हवं. एकाच प्रॉडक्टवर दोन-तीन टीम असतील तर सगळ्यांची व्याख्या एकच लागते, नाहीतर त्यांचं झालं आणि आमचं झालं जोडताना बोंब.

आम्ही ज्या स्क्रम पद्धतीने काम करतो तिच्या २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये तर स्पष्टच आहे, व्याख्येत न बसलेलं काम रिलीज तर सोडाच, स्प्रिंटच्या शेवटच्या स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवायचंसुद्धा नाही, ते परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, जातं. हे पाळायला लागलो आणि पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये आमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पुऱ्या झालेल्या कामांचे पॉइंट, धाडकन पडली, मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण ऐंशी टक्के झालेल्या स्टोरीला ऐंशी टक्के पॉइंट नाही, शून्य. पण माझ्या मते तो आकडा पहिल्यांदाच खरा होता. आधी दर स्प्रिंटला मागची शेपटं गुपचूप ओढत नवीन कामं घ्यायचो आणि परत म्हणायचो, एस्टिमेट कसं काय चुकतं बुवा.

आणखी एक, हे फारसं कोणी बोलत नाही, पण या यादीमुळे ज्युनिअर पोरांची मोठी सोय होते. शुक्रवारी सहा वाजता कोणी सिनिअर ‘अरे झालंच आहे, डनमध्ये मूव्ह कर’ म्हणाला तर त्याच्याशी भांडावं लागत नाही, नुसतं यादीकडे बोट दाखवायचं.

सध्या आमच्या यादीत सात ओळी आहेत आणि आठवीवरून वाद चाललाय, डॉक्युमेंटेशन घ्यायचं की नाही. मी घ्या म्हणतेय, फक्त ते लिहायचं कोणी यावर गाडी अडलीये.