आमची वाटचाल: मिस्त्रींचा हात आणि ताणकाटा

धुळ्याजवळ अवधानच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये आमचे काम सुरू झाले, तेव्हा एक वेल्डिंग मशीन, पान्यांचा एक संच आणि आमच्या वृद्ध मिस्त्रींचा हात एवढेच भांडवल होते. शिरपूर-दोंडाईचा भागातील जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणारी, यंत्रे आणि विहिरींवरचे पंप दुरुस्त करताना नट किती आवळायचा हे ते मनगटाने ठरवीत आणि ‘आते बस व्हयनं’ (आता बस झालं) म्हणून पाना खाली ठेवीत. त्यांनी कसलेला नट ऐन हंगामात सैल झाल्याचे मला आठवत नाही.

तो हात दुसऱ्या कोणाला शिकवायचा कसा, हा प्रश्न मात्र आम्हाला महागात पडला. एका नव्या मुलाने पंपाच्या बिडाच्या फ्लँजचा, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीचा, एक बोल्ट पूर्ण आवळून मगच पुढच्याला हात घातला. फ्लँज तिरकी बसली आणि शेवटचा बोल्ट ओढताना तिचा कान तडकला. समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळावेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि तो दोष माझा होता.

त्यानंतर मी बाजारातून ताणकाटा, म्हणजे ओढीचा जोर किलोत दाखवणारा स्प्रिंगचा काटा, आणला. डोक्यावर 8.8 असा ताकदीचा आकडा असलेल्या 12 मिमीच्या कोरड्या बोल्टला साधारण 85 न्यूटन-मीटर इतका पिळण्याचा जोर लागतो. म्हणजे नटापासून 25 सेंटीमीटरवर पान्याला काटा अडकवून काटकोनात ओढला, तर तो सुमारे 35 किलो दाखवायला हवा. मुले आधी डोळे मिटून ओढत आणि मग आकडा पाहत. पहिल्या आठवड्यात कोणी 20 वर थांबे, कोणी 50 च्या पुढे जाई. 6 मिमीच्या बोल्टला जेमतेम 10 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणून तिथे आखूड पाना आणि बोटांचा जोर एवढेच चालते. पान्यावर पाइप चढवण्याची सवय तर आम्ही शेडमधून हद्दपारच केली.

तरीही मनगट फसते. पान्यावरच्या जोराचा सुमारे 90 टक्के भाग आट्यांतील आणि नटाखालच्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे कोरड्या बोल्टच्या अंदाजाने तेल लावलेला बोल्ट ओढला, की तो सहज एक तृतीयांशाने जास्त ताणला जातो, आणि गंजलेला बोल्ट घट्ट भासूनही आतून ढिलाच राहतो. मिस्त्री आटे ब्रशने घासून, नट आधी बोटांनी फिरवून पाहत, त्याचे कारण मला फार उशिरा उमगले.

आज महत्त्वाच्या जोडांना आम्ही टॉर्क पाना, म्हणजे पिळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरतो. जिनिंगच्या पायाचे बोल्ट कापसाचा हंगाम उघडताना कसतो, पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा तपासतो आणि नटावरून बैठकीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला, की मालकाचा फोन येतो.