जाळीचा पेट्रोल पाइप: आतलं रबर कोणतं ते आधी वाचा

जुन्या गाडीचा रबरी पेट्रोल पाइप बोटांत धरून वाकवून बघा. बाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या भेगा उघडल्या, किंवा पाइप काठीसारखा कडक लागला, तर तो बदलायचाच. मधला भाग ठीक दिसला म्हणून थांबू नका. पाइप सगळ्यात आधी जातो तो निपलवर (पाइप चढवायच्या धातूच्या आखूड तोंडावर) चढलेल्या टोकाला, क्लिपच्या अगदी मागे. आणि टाकीच्या डोक्यावरचे दोन-तीन आखूड तुकडे तर टाकी खाली उतरवल्याशिवाय दिसतही नाहीत. गाडी पंधरा वर्षांची असेल तर ते बहुतेक कारखान्यातलेच असतात.

कार्बोरेटरच्या मारुती ८०० किंवा पद्मिनीत पंप इंजिनवर असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. त्यामुळे टाकी ते पंप या टप्प्यात भेग पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गाडीखाली डाग नसतो, वासही नसतो. पण सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाडी गुदमरते. मग कार्बोरेटर उघडा, साफ करा, पुन्हा उघडा, असं चालू राहतं, आणि दोष मागच्या चाकाजवळच्या वीतभर रबरात असतो. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, पंप टाकीत असतो आणि लाइनमध्ये साधारण ३ बार दाब असतो. तिथे भेग म्हणजे गरम इंजिनवर पेट्रोलचा फवारा.

फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर टप्प्याटप्प्याने आलं. जुन्या पाइपांचं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगतं, त्याला लवचीक ठेवणारे घटक विरघळून निघून जातात, आणि गाडी महिनाभर उभी राहून पाइप सुकला की तो आक्रसून तडकतो. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा सोसायटीत कव्हरखाली उभी असलेली गाडी म्हणूनच आधी गळते.

जाळीच्या पाइपाबद्दल, म्हणजे रबरावर कापडाची किंवा स्टीलच्या तारांची जाळी विणलेल्या पाइपाबद्दल, माझं ठाम मत आहे. जाळी घासण्यापासून वाचवते, दाबाने पाइप फुगू देत नाही, आणि स्टीलची असेल तर पार्किंगमधल्या उंदरांपासूनही वाचवते. ठाण्यात आणि नवी मुंबईत हा शेवटचा फायदा छोटा नाही. पण इथेनॉलला तोंड देतं ते आतलं रबर. जाळीखाली साधं नायट्राइल असेल तर तो जुनाच पाइप आहे, फक्त आता त्याच्या भेगा दिसणार नाहीत. कापडी जाळीचा आणखी एक त्रास: कापड पेट्रोल शोषून वातीसारखं पुढे नेतं, म्हणून ओलं दिसतं एकीकडे आणि गळत असतं दुसरीकडे.

म्हणून पाइपावरचा किंवा रिळावरचा छाप वाचा. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांत ३०आर६ आणि ३०आर७ हे कार्बोरेटरच्या कमी दाबाचे. ३०आर९ ला आतून फ्लुरोरबरचं अस्तर असतं, तो इंजेक्शनला चालतो आणि इथेनॉललाही टिकतो. कार्बोरेटरच्या गाडीलाही मी आर९च घालेन, वाचणारे पैसे त्या जोखमीच्या लायकीचे नाहीत. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला मात्र ३०आर१० च लागतो. आर९ चं बाहेरचं रबर बुडून राहण्यासाठी बनवलेलं नसतं.

खरा घोटाळा खरेदीत होतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापेच्या पट्ट्यात हायड्रॉलिक होज दाबून देणाऱ्या दुकानात जाऊन नुसतं ‘आर९’ मागितलं तर हातात एसएई १००आर९ पडू शकतो. तो तेलाच्या प्रचंड दाबाचा हायड्रॉलिक पाइप, पेट्रोलशी त्याचा संबंध नाही. आर६, आर७, आर१४ ही नावंही ३० आणि १०० अशा दोन्ही यादींत आहेत आणि अर्थ वेगवेगळे. आधीचा आकडा ३० आहे की १००, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अपवाद १००आर१४ चा: ही टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी, पेट्रोल-इथेनॉल दोन्हींना उत्तम. त्यातही ‘बी’ प्रकार घ्या. त्याचा आतला थर विद्युतवाहक असतो. साध्या टेफ्लॉनमध्ये वाहत्या पेट्रोलने स्थिर वीज साठते आणि ठिणगीने नळीला सुईएवढी भोकं पडू शकतात. टेफ्लॉनच्या फिटिंगमध्ये पितळी ऑलिव्ह, म्हणजे नळीला पकडणारं छोटं कडं, असतो. रबरी पाइपाची फिटिंग तिथे बसल्यासारखी वाटते, पण दाब आला की निसटते.

माप निपलच्या बाहेरच्या व्यासावरून व्हर्नियरने घ्या. ६ मिमीच्या निपलवर ८ मिमीचा पाइप चढवून क्लिप आवळली की रबराला चुणी पडते आणि तिथूनच गळतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचा बराचसा भाग लोखंडी नळीचा असतो, तो लोखंडीच राहू द्या. रबर फक्त टोकांना, एरवी दोन मीटरच्या आत भागतं. रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी) आणि कॅनिस्टरकडे (टाकीतली वाफ साठवणाऱ्या डब्याकडे) जाणारी वाफेची नळी त्याच वेळी बदला. खाडीकाठच्या गाड्यांत लोखंडी नळी पकडणाऱ्या क्लिपांखाली चिखल साचून गंज धरतो, तेही खरवडून बघा.

काम बेसमेंटमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत सरकत जाते. उघड्यावर, थंड इंजिनावर, टाकी पाव भरलेली असताना करा. हाताशी एबीसी पावडरचा अग्निशामक हवा, उजेडाला एलईडी टॉर्च. एमपीएफआय असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. तरीही पहिला जोड चिंध्या गुंडाळूनच उघडा, थोडं पेट्रोल उडतंच. टाकीकडच्या टोकातून पेट्रोल वाहू नये म्हणून त्यात गुळगुळीत दांड्याचा बोल्ट खुपसून ठेवा. जुना पाइप ओढून काढू नका, निपल वाकतं. ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा, फक्त निपलवर ओरखडा उठू देऊ नका.

स्टीलची जाळी कापताना चिकटपट्टीचे तीन-चार घट्ट वेढे द्या आणि पट्टीच्या मधूनच बारीक डिस्कने कापा, नाहीतर तारा सुटतात, बोटात घुसतात आणि फिटिंगमध्ये जात नाहीत. हे गाडीपासून दूर करा, ठिणग्या उडतात. नंतर पाइपात हवा मारा. आत राहिलेला रबराचा भुगा थेट इंजेक्टरपर्यंत जातो.

पाइप निपलच्या उंचवट्याच्या पुढे २० ते २५ मिमी चढला पाहिजे. क्लिप उंचवट्याच्या मागे, पाइपाच्या टोकापासून ३ मिमी आत. चढेना तर इंजिन ऑइलचा थेंब लावा, ग्रीस नको. खाचा असलेल्या पट्टीची, स्क्रूने आवळायची वर्म क्लिप रबर कापते, म्हणून सलग पट्टीची, कडा वळवलेली क्लिप घ्या. बॅन्जो बोल्टला (ज्याच्या पोकळ दांड्यातून पेट्रोल जातं) तांब्याचे वॉशर नवे. तिरक्या बसणीच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नका, सील तिथे धातूवर धातूने होतं आणि टेपचा तुकडा फिल्टरच्या पुढे गेला तर इंजेक्टर तुंबतो.

इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून पाइपाला थोडी ढील द्या. स्टीलची जाळी कानसीसारखी घासते, वायरिंगचं इन्सुलेशन खाते, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकली तर शॉर्ट. त्यामुळे तिला रबरी अस्तराच्या क्लॅम्पने बांधा आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा.

बॅटरी आणि फ्यूज पुन्हा लावा. एमपीएफआय गाडीत इंजिन चालू न करता चावी तीन वेळा ऑन-ऑफ करा, पंप दर वेळी दोनेक सेकंद दाब भरतो. प्रत्येक जोड कोऱ्या टिश्यूने पुसा. मग दहा मिनिटं चालवून पुन्हा पुसा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीवर क्लिपा परत तपासा, कारण रबर पहिल्या तापण्यात दबतं. एक जास्तीचा पेट्रोल फिल्टरही घेऊन ठेवा, हलवाहलवीत टाकीतला आणि नळीतला गाळ सुटतो आणि पहिला फिल्टर लवकर भरतो. बॉनेटच्या आत बदलल्याची तारीख लिहा. जाळीखालचं रबर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी असा पाइप नवाकोरा दिसत असला तरी पाच वर्षांनी काढतोच.