दक्षिण इटलीत मोटरहोमनं: पाँपेई ते सालेंतो, मुक्कामाच्या जागांसह

या वाटेवर मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, चालवण्यापेक्षा ती रात्री कुठे लावायची हा प्रश्न मोठा. दुपारी तीनच्या आत जागा पक्की करा. अंधारात अरुंद गल्ल्यांमधून सात मीटरची गाडी मागे घेत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

पाँपेईला रस्त्यावर मुक्काम नकोच. प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांच्या दारातच कॅम्पसाइट आहेत आणि पाँपेई स्कावी स्टेशन चालत दोन-पाच मिनिटांवर. तिथून लोकल ट्रेननं नेपल्स आणि सोरेंतो दोन्ही होतात. अमाल्फीच्या किनारी रस्त्यावर मोटरहोमला दिवसा बंदी आहे. गाडी सालेर्नोला ठेवून हंगामात बोटीनं जा.

पुढे पोतेंझावरून मातेरा. नेव्हिगेशन सरळ सास्सी या गुहाघरांच्या जुन्या वस्तीत नेऊ पाहतं, पण तिथे झेडटीएल, म्हणजे परवानगीशिवाय प्रवेश नसलेला भाग आहे. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी किंवा भाड्याच्या कंपनीकडे येतो. गाडी गावाबाहेरच्या 'आरेआ सोस्ता'त लावा. या मोटरहोमसाठीच्या जागा साधारण १५ ते २५ युरोत मिळतात. घेण्यापूर्वी पाणी भरणं, सांडपाणी सोडणं आणि वीज हे तिन्ही दरात आहे का ते विचारा.

विजेवर अनेकांची फसगत होते. बऱ्याच ठिकाणी ३ किंवा ६ अँपियरच मिळतात. २३० व्होल्टला ३ अँपियर म्हणजे जेमतेम ६९० वॅट; १८०० वॅटची इंडक्शन शेगडी लावली की लगेच ट्रिप होतं, आणि खटका मालकाच्या कुलूपबंद पेटीत असतो. कुकर गॅसवरच लावा.

अल्बेरोबेल्लो मातेराहून सुमारे ७० किलोमीटर. त्रुल्ली, म्हणजे शंकूसारख्या छपराच्या दगडी घरांपासून चालत जाता येईल अशी सोस्ता आहे. सकाळी बसगाड्या यायच्या आत फिरून घ्या, गाव तेव्हाच खरं दिसतं.

फुकट पार्किंगमध्ये राहायचं असेल तर इटलीच्या वाहतूक कायद्याचं कलम १८५ लक्षात ठेवा. गाडी फक्त चाकांवर उभी, इंजिनच्या धुराखेरीज बाहेर काही सोडत नाही आणि स्वतःच्या आकारापलीकडे जागा अडवत नाही, तर ते पार्किंग. गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं, खुर्च्या मांडल्या किंवा जॅक टेकवले की ते कॅम्पिंग, आणि दंड. पाटीवर 'मेर्कातो' आणि वार लिहिला असेल तर त्या दिवशी तिथे आठवडी बाजार भरतो. पहाटे गाडी उचलून नेतात.

सायकल रॅक गाडीच्या मागे बाहेर येत असेल तर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढरी तिरप्या पट्ट्यांची पाटी लागतेच.

भारतातून येऊन गाडी भाड्यानं घेणाऱ्यांनी मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा आणि ३५०० किलोपर्यंतचीच गाडी घ्यावी.

सालेंतोत, म्हणजे इटलीच्या टाचेच्या टोकाला, ओत्रांतो ते लेउका, समुद्रालगतच्या जागा ऑगस्टमध्ये खच्चून भरतात, विशेषतः १५ ऑगस्टच्या आसपास. ऑक्टोबरनंतर बऱ्याच बंद होतात, म्हणून फोन करूनच निघा. नळावर 'नोन पोताबिले' लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याच्या टाकीत भरू नका. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, दोन-तीन दिवसांत भरते. ती सोडायची जागा आधीच हेरून ठेवा आणि पावसाच्या गटारात कधीही ओतू नका.